विजापूर, एक मुक्काम

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतेय, पण राहूनच जात होतं. डिसेंबरात बाबांना घेऊन विजापूरला जाऊन आले. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, मधे एक मुक्काम. परत आल्यापासून घरातल्या सगळ्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगून झालंय. आता एकदा सलग लिहून टाकते, म्हणजे काकू आणि अमेरिकेतली भावंडं दोघांनाही पुन्हा सांगायला नको :-)

बाबांनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. आपल्याकडे चौथी म्हणजे शिवाजी महाराजांचा इतिहास. त्यामुळे अफझलखानाने विजापूरच्या भर दरबारात विडा कसा उचलला, हे बाबांनी एकतीस वर्षांत किती वेळा साभिनय सांगितलं असेल याची गणतीच नाही. टेबलावरची डस्टर हा विडा आणि बाबांची खुर्ची ही बडी बेगम! पण या माणसाने विजापूर कधी पाहिलंच नव्हतं. रायगड झाला, प्रतापगड झाला, आग्रासुद्धा झालं. विजापूरचा विषय निघाला की "तिथे काय जायचं?" एवढंच म्हणायचे. शत्रूचं गाव ना ते!

या वर्षी त्यांचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, आणि एके दिवशी चहा पिताना स्वतःच म्हणाले, "विजापूर राहिलं गं."

मग काय, गाडी ठरवली. ड्रायव्हरसकट. किलोमीटरमागे इतके, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा बत्ता वेगळा, नाइट हॉल्टचे वेगळे, टोल आपला. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, तिथून विजापूर आणखी शंभर. रेल्वेने स्वस्तात झालं असतं, पण बाबांना जिथे वाटेल तिथे थांबता यावं एवढीच माझी इच्छा होती.

पहाटे साडेपाचला गाडी दारात हजर. ड्रायव्हर पन्नाशीचे, मूळचे दक्षिण सोलापूर तालुक्यातले. मी त्यांना दादा म्हणायला लागले, ते मला ताई, आणि बाबा मास्तर होते हे कळल्यावर बाबांना "गुरुजी". घरात कन्नड, गावात मराठी आणि बाजारात हिंदी-दखनी मिसळ, अशा तिन्ही भाषा हा माणूस गिअर बदलावा तशा बदलत होता. इंदापूरच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसलं तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली, आणि तिथपासूनच त्यांचा तास सुरू झाला.

"खान या बाजूनं आला होता," बाबा म्हणाले. "तुळजापूर, पंढरपूर करत वाईकडे गेला असं सांगतात. आपण त्याच्या उलट निघालोय."

"म्हंजे आपण खानाला आणायला चाललाव म्हणा की," दादा म्हणाले. बाबा चक्क हसले. इतिहासाच्या बाबतीत बाबा सहसा हसत नाहीत.

सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन पुढे निघालो. टाकळीला भीमा ओलांडली की महाराष्ट्र संपतो. पुलावर बाबांनी सांगितलं की ही हद्द १ नोव्हेंबर १९५६ ची, त्याआधी विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. दादांना ते ठाऊक होतं. त्यांच्या आजोबांच्या वेळी सोयरिका नदीच्या दोन्ही काठांवर व्हायच्या, त्या तशाच चालू राहिल्या. मग जरा थांबून, आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "माझी धाकटी बहीण विजापुरातच दिलीय, ताई. दोन वर्षं झाली भेटून. रात्री गाडी लावल्यावर तासभर जाऊन आलो तर चालंल का?"

मला इतकी लाज वाटली! हा माणूस सकाळपासून तिच्या गावाकडे गाडी हाकतोय, आणि तिला भेटायला माझी परवानगी मागतोय. बाबा म्हणाले, "तासभर कशाला? मुक्कामच करा तिच्याकडे. सकाळी सहाला या." लॉजवर पोचल्यावर कळलं की त्यांच्याकडे ड्रायव्हरसाठी जागाच नव्हती. "सगळे गाडीतच झोपतात," काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. आजवर किती सहलींत आमचे ड्रायव्हर कुठे झोपले होते हे मी कधी विचारलंच नव्हतं. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दादा हजर. हातात बहिणीने दिलेला डबा. गर्दी व्हायच्या आत गोलघुमट गाठायचा होता, कारण एकदा शाळांच्या सहली आल्या की आत उभं राहवत नाही.

गोलघुमट फोटोत पाहून कळतच नाही. चौकोनी, डोंगरासारखी इमारत, चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि वर तो घुमट. बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. आत शिरलं की एकच प्रचंड दालन, आणि मधे एकसुद्धा खांब नाही. एवढं ओझं पेललंय ते एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी. चौकोनावर गोल कसा बसवायचा, हा प्रश्न त्या लोकांनी कमानी एकमेकींत गुंफून सोडवला. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि इथे पुरला गेला.

वरची कुजबुज-गॅलरी बाबांना शक्य नव्हती, जिना अरुंद आणि उभा आहे. मी एकटीच वर गेले. भिंतीशी तोंड नेऊन हळूच "बाबा" म्हटलं, तर तो शब्द घुमटभर फिरून पुन्हा पुन्हा माझ्याच कानावर आला. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

खाली आले तेव्हा बाबा कबरींच्या चौथऱ्यासमोर बसले होते आणि दादा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. "हा शहाजीराजांचा मालक," बाबा सांगत होते. "निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये राजे याच्या चाकरीत आले. यानंच त्यांना बंगळूरकडे पाठवलं, आणि १६४८ मध्ये याच्याच सरदारानं जिंजीजवळ त्यांना कैद केलं. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. बाप सोडवायला कोंढाणा परत द्यावा लागला."

कोंढाणा म्हणजे सिंहगड. आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याची किंमत ज्याने वसूल केली त्याच्यासमोर आपण बसलोय, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

तिथून मुलूख-मैदान तोफ. सुमारे ५५ टन वजनाची. तोंडाला सिंहाचा जबडा, आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला. १५४९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ च्या सुमारास मुरार जगदेवाने ती विजापुरात आणली. मुरार जगदेव हे नाव ऐकून बाबा थबकले. पुणेकरांनो, ओळखलंत ना? १६३० च्या सुमारास पुणे जाळून बेचिराख केलं ते याच्याच हुकमाने. गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. म्हणजे जिजाऊसाहेब बालशिवाजीला घेऊन आल्या त्या उजाड पुण्याला कारण झालेला माणूस आदिलशाहीतला एक मराठी पंडित होता. आणि त्याची ही तोफ १८५४ मध्ये इंग्रजांनी लिलावात काढली, तर बोली आली दीडशे रुपये! म्हणून विकायची राहिली, आणि म्हणून आज बघायला मिळते.

इब्राहिम रोझ्यापाशी बाबा जास्त वेळ रेंगाळले. दुसरा इब्राहिम आदिलशहा, कारकीर्द १५८० ते १६२७. हा संगीतात बुडालेला सुलतान. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा गाण्यांचा ग्रंथ दखनीत आहे आणि त्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. दगडाच्या जाळ्यांत अक्षरं अशी कोरलीत की त्यांतूनच उजेड आत येतो. बाबा एका जाळीला हात लावून बराच वेळ उभे होते. म्हणाले, "हे काही मी मुलांना सांगितलं नाही. पुस्तकात विजापूर म्हणजे नुसता दरबार. शहर म्हणून त्याचा कधी विचारच केला नाही."

खरं तर इथेच परतायचं होतं. पण दादांनी विचारलं, "गुरुजी, साठ कबर बघायच्या का? रात्री बहीण म्हणत होती, मास्तर हायत तर त्यांना तिथं न्या. ती एकदा गेलती. परत जायचं नाही म्हणती."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या पश्चिमेला, शेतांच्या मधे, एका चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या साठाहून जास्त कबरी आहेत, ओळींनी. कथा अशी की अफझलखान शिवाजीवर निघाला तेव्हा ज्योतिष्याने सांगितलं, तू परत येणार नाहीस. म्हणून आपल्यामागे बायका दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत यासाठी खानाने त्या सगळ्यांना मारलं आणि इथे पुरलं. एकदोघींनी पळायचा प्रयत्न केला, त्याही सुटल्या नाहीत. विजापूरच्या वास्तूंवर हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्यातल्या अधिकाऱ्याचं १९१६ चं मोठं पुस्तक आहे, त्यातही ही कथा येते.

गाडी जाईल तिथपर्यंत नेली, पुढे थोडं चालावं लागलं. बाबांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. आजूबाजूला कुणी नाही. ना तिकीट, ना गाइड, ना शाळेची सहल. वारा आणि त्या ओळी.

सगळ्या कबरी एकसारख्या. माथा सपाट. पुरुषाच्या कबरीवर मधोमध उंचवटा ठेवतात, बायकांच्या कबरीचा माथा सपाट असतो, त्यावरून या बायकांच्या हे कळतं. एकाही कबरीवर मला नाव कोरलेलं दिसलं नाही. आम्ही तिघांनी मोजल्या. तिघांची मोजणी जुळली नाही. बाबांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, बोट पुढे करून, वर्गात हजेरीला मुलं मोजायचे तशी. मग चौथ्या की पाचव्या ओळीत ते थांबले आणि चौथऱ्याच्या कडेला बसले.

मला वाटलं दमले. पण ते विचार करत होते.

"ही गोष्ट मी सांगायचो," बाबा म्हणाले. "पुस्तकात नव्हती. पण खानाचा धडा झाला की मुलं विचारायची, सर, खान किती वाईट होता? मग मी ही सांगायचो. मुलं गप्प व्हायची."

"मग?"

"मग काही नाही. आज इथं बसल्यावर वाटतं, मी ती कुठून उचलली होती?"

आणि मग बाबांनी जे केलं ते मी त्यांच्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं. ते आपलीच गोष्ट तपासायला लागले. खानाच्या मोहिमेबद्दल आपल्याकडे कागद आहे. १६ जून १६५९ चं कान्होजी जेध्यांना आलेलं आदिलशाही फर्मान आहे, खानाला सामील व्हा म्हणून. जेधे ते घेऊन महाराजांकडे गेले, हे सगळं पक्कं आहे. सभासदाची बखर पुढे १६९० च्या दशकात जिंजीत लिहिली गेली, तिच्यात भेटीचं वर्णन आहे. पण या बायकांची गोष्ट बाबांना त्या काळच्या कुठल्याही साधनात कधी भेटली नव्हती. ती ऐकीव. कबरी खऱ्या, बायकांच्या आहेत हेही खरं, एकाच घडणीच्या आहेत हे डोळ्यांना दिसतं. गोष्ट त्यांच्यावर नंतर चढवलेली असू शकते.

"आणि दुसरं असं," बाबा म्हणाले, "ज्योतिष्यानं आधीच सांगितलं होतं की खान मरणार, असं म्हटलं की महाराजांनी काय केलं मग? प्रतापगडाचं रान निवडलं, वकील पाठवून खानाचं मन ओळखलं, फौजा पेरून ठेवल्या, बरोबर माणसं कोण घ्यायची ते ठरवलं. त्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता. आणि समोर खानाच्या बाजूला किती मराठे सरदार होते! एवढा विचार केला म्हणून १० नोव्हेंबरचा तो दिवस आपला झाला. भविष्यावर सगळं टाकलं की त्यातलं काहीच उरत नाही. एकतीस वर्षं मी महाराजांचं श्रेय ज्योतिष्याला देत होतो की काय?"

हे ऐकून मी गप्पच झाले. मला एवढंच सुचलं, की शत्रूबद्दलची वाईट गोष्ट आपण किती पटकन खरी मानतो. हीच गोष्ट आपल्या एखाद्या सरदाराबद्दल कुणी सांगितली असती तर पुरावा मागितला असता ना आपण? खान क्रूर होता याबद्दल वाद नाही. पण तो क्रूर होता म्हणून त्याच्याबद्दलचं प्रत्येक सांगणं खरं ठरत नाही.

दादा इतका वेळ थोडे लांब उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, एक बोलू का? खानानं मारलं का नाही मारलं, तुमी म्हणता तसं असंल. पण एवढ्या बाया हितं हायत ते तर खरंच की. कुणाच्या तरी लेकी असतील. एकीचं बी नाव नाही. माझी बहीण म्हणती, गोष्ट सांगणारे सगळे खानाचीच सांगत्यात."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

मलाही दादांच्या बहिणीचंच म्हणणं जास्त लागलं. आम्ही बापलेक तासभर त्या बायकांच्या मधे बसून खान आणि महाराज यांच्याबद्दलच बोलत होतो. आणि समजा, गोष्ट खरी असली तर? मग पुरावा नाही म्हणून ती झटकून टाकणं हाही त्यांच्यावर अन्यायच. खरी म्हणून शपथ घेता येत नाही, खोटी म्हणून हसता येत नाही. अशा ठिकाणी काय करायचं ते मला कळेना. बाबांनी चपला काढून ठेवल्या होत्या. मग मीही काढल्या. थोडा वेळ बसलो आणि उठलो.

परतताना गावात बारा कमानीपाशी पाच मिनिटं थांबलो. खानाला पाठवणाऱ्या दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर. बापाच्या गोलघुमटाला मागे टाकायला काढलेली इमारत अर्धवटच राहिली, छत नाही, नुसत्या कमानी. १६७२ मध्ये तो गेला आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. खानाचं थडगं प्रतापगडाच्या पायथ्याशी. खानाची फौज मोडली, दरबार गेला, राज्य गेलं. त्या ओळी मात्र शेतात आहेत तशा आहेत.

सोलापूर रस्त्याला लागण्याआधी दादांनी गाडी कडेला घेतली. त्यांची बहीण उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. भावाच्या हातात पिशवी दिली, कन्नडमध्ये काहीतरी भराभर बोलली, मग बाबांना वाकून नमस्कार केला. पिशवीत शेंगाहोळगी होत्या, आमच्यासाठीसुद्धा वेगळ्या बांधलेल्या. मी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं आणि हसली. (नाव इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. पण माझ्या वहीत आहे.)

भीमेचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत कुणीच बोललं नाही. मग दादांनीच विचारलं, "गुरुजी, पुढच्या खेपेला कुठं?" बाबा म्हणाले, "परांडा. ती तोफ जिथून आणली ते बघायचंय." गुडघ्यांचं काय करायचं ते नंतर बघू!

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे परवाची गोष्ट. माझा भाचा या वर्षी चौथीत आहे. रविवारी आजोबांना धरून बसला, खानाचा धडा सांगा म्हणून. आम्ही सगळे ऐकत होतो. बाबांनी विडा उचलला, डस्टरऐवजी टीव्हीचा रिमोट! मग दरबार आला, पण आता त्या दरबाराच्या बाहेर एक शहर होतं, घुमट होता, दगडाच्या जाळीतून येणारा उजेड होता, गणपतीला वंदन करणारा सुलतान होता. प्रतापगड नेहमीसारखाच रंगला. भाच्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजोबा, खान किती वाईट होता?"

बाबा थोडं थांबले. मग म्हणाले, "होता वाईट. पण विजापुरात एका शेतात मी साठ-बासष्ट कबरी पाहिल्या. त्या कुणाच्या, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तू मोठा झालास की शोध."

भाचा म्हणाला, "बरं." आणि जेवायला गेला.